पहिल्या तीस लेव्हल कोंबड्या मारण्यात घालवू नका: ओल्ड स्कूल रूनस्केप नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी



'तासाचा भाव' या व्हिडिओत मी ओल्ड स्कूल रूनस्केप या गेमचं उदाहरण जेमतेम दोन मिनिटं दिलं होतं. वेळेची किंमत कशी मोजायची, हे सांगायचं होतं. पण नंतर धंद्याचे प्रश्न राहिले बाजूला आणि बॅचमधली निम्मी मुलं गेमचंच विचारायला लागली. "सर, आम्ही सुरू केला, पण लेव्हलच वाढत नाही." म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. ज्यांना गेम कधीच खेळायचा नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, आकडेमोड साधी आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. रूनस्केप हा ब्रिटनमधला जुना ऑनलाइन गेम. २००१ साली सुरू झाला, केंब्रिजची जॅगेक्स ही कंपनी तो चालवते. २००७ सालचं जुनं रूप खेळाडूंना परत हवं होतं, म्हणून मतदान घेऊन २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' नावाने तो वेगळा सुरू केला. २०१८ पासून मोबाईलवरही चालतो. तलवारी, जादू, राक्षस, किल्ले असं सगळं जग आहे, पण त्यातला मोठा भाग म्हणजे चक्क कामधंदा. खाण खोदा, लोखंड वितळवा, मासे पकडा, शिजवा, लाकूड तोडा, चामडं शिवा. फुकट खेळणाऱ्याला अशी १५ स्किल्स मिळतात आणि प्रत्येकाची लेव्हल १ ते ९९. फक्त हिटपॉइंट्स, म्हणजे तुमचा जीव, लेव्हल १० पासून सुरू होतो.

लेव्हल वाढते एक्सपीवर. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण. इथेच नवखा माणूस पहिल्यांदा फसतो.

लेव्हल २ ला लागतात ८३ एक्सपी. लेव्हल १० ला एकूण १,१५४. लेव्हल २० ला ४,४७०. लेव्हल ३० ला १३,३६३. आणि ९९ ला? १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. साधारण दर सात लेव्हलमागे एकूण एक्सपी दुप्पट होतो. त्यामुळे लेव्हल ९२ ला पोचलेला माणूस खरं तर अर्ध्या वाटेवर असतो. आणि लेव्हल ३० म्हणजे वाटतं तीस टक्के काम झालं, पण हिशोबाने ते हजारातला एक भाग असतं.

मग सुरुवातीच्या लेव्हलला किंमत नाही का? आहे, आणि खूप आहे. पण ती आकड्यात नसते, त्या लेव्हलने काय उघडतं त्यात असते. अटॅक लेव्हल ५ झाली की पोलादी तलवार हातात येते. १० ला काळी, २० ला मिथ्रिल, ३० ला अ‍ॅडमंट, ४० ला रून. मधल्या लेव्हलनी नेम थोडा थोडा सुधारतो एवढंच. म्हणजे अटॅक २१ आणि अटॅक २७ यांत हत्यार तेच. पण १९ वरून २० वर गेलात की हत्यार बदललं, आणि हत्यार बदललं की पुढचा प्रत्येक तास जास्त देतो. कुऱ्हाड आणि खाणीच्या टिकावाचंही तसंच: ६ ला पोलादी, २१ ला मिथ्रिल, ३१ ला अ‍ॅडमंट, ४१ ला रून. म्हणून आज कुठली लेव्हल गाठायची हे ठरवताना गोल आकड्याच्या मागे लागू नका. पुढचं दार कुठे आहे ते बघा आणि तिथपर्यंतच त्या कामाला वेळ द्या.

कोंबडीचा हिशोब

ट्युटोरियल आयलंडवरून बाहेर पडलात की तुम्ही लंब्रिज नावाच्या गावात येता. पूल ओलांडला की कोंबड्या आणि गायी. शंभरातले नव्वद जण तिथेच तलवार उपसून उभे राहतात. चुकीचं काही नाही, पण गुण कसे मिळतात ते आधी समजून घ्या.

लढाईत एक्सपी मिळतो तो शत्रू मेला म्हणून नाही, तुम्ही त्याला जेवढी इजा केली त्यावर. इजेच्या एका पॉइंटला ४ एक्सपी, तुम्ही निवडलेल्या स्किलमध्ये. त्याशिवाय सव्वा-दीडच्या आसपास हिटपॉइंट्समध्ये. कोंबडीचा जीव ३, म्हणजे एका कोंबडीचे १२ एक्सपी. गोब्लिनचा जीव ५, म्हणजे २०. गायीचा ८, म्हणजे ३२.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मोठा राक्षस धरला की जास्त एक्सपी, हा समज खोटा. मोठ्या राक्षसाचं संरक्षण जास्त, तुमचे निम्मे वार फुकट जातात, आणि फुकट गेलेल्या वाराला शून्य एक्सपी. वर तोच तुम्हाला मारतो, खायला अन्न लागतं, ते संपलं की बँकेत पळा. साधी गाय बरी, जिच्यावर वार लागतो आणि जी फारसं काही करत नाही. दुकानदाराला हे सांगायला नको. मोठं गिऱ्हाईक घासाघीस करून, उधारी ठेवून, महिन्याने अर्धे पैसे देतं, आणि रोजचा वीस रुपयांचा रोख गिऱ्हाईक दुकान चालवतो.

दोन, ताकद म्हणजे स्ट्रेंग्थ आधी वाढवा. अटॅकने नेम सुधारतो, स्ट्रेंग्थने एका वारात होणारी जास्तीत जास्त इजा वाढते. एक्सपी इजेवर असेल तर मोठा वार म्हणजे थेट मोठी कमाई. नवखे लोक डिफेन्सपासून सुरुवात करतात, मार कमी बसावा म्हणून. गायीपासून बचाव कशाला हवा? हत्यार निवडताना सिमिटार घ्या, म्हणजे वाकडी तलवार. तिचा वार दर २.४ सेकंदाला पडतो, लाँगस्वोर्डचा दर ३ सेकंदाला. दिसायला लाँगस्वोर्ड भारदस्त, पण बारा सेकंदात सिमिटारचे पाच वार होतात आणि तिचे चार.

आता मुख्य गोष्ट. अटॅक लेव्हल २० साठी ४,४७० एक्सपी लागतात. कोंबड्या मारून गेलात तर ३७३ कोंबड्या. गायी मारून गेलात तर १४०. आणि 'व्हॅम्पायर स्लेअर' नावाची एक क्वेस्ट आहे, क्वेस्ट म्हणजे नेमून दिलेली कामगिरी. ड्रेनॉर गावात एक माणूस भेटतो, तुम्ही खुंटा, हातोडी आणि लसूण घेऊन एका हवेलीच्या तळघरात जाता, तिथल्या काउंटला मारता, झालं. बक्षीस ४,८२५ अटॅक एक्सपी, एकरकमी. लेव्हल १ वरून सरळ २०. मिथ्रिल सिमिटार हातात.

चारशे कोंबड्यांचं काम एका कामगिरीत. काउंट लेव्हल ३४ चा आहे, म्हणून अगदी रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी गायींवर स्ट्रेंग्थ पंधरा-वीसपर्यंत न्या आणि सोबत शिजवलेले मासे भरपूर ठेवा. लसूण विसरू नका, त्याने तो कमजोर होतो. खुंटा मारायला हातोडी लागते. ती नसेल तर सगळी लढाई वाया जाते, तो पुन्हा उठतो.

एकरकमी एक्सपी सुरुवातीलाच का घ्यायचा

इथे एक जण हमखास विचारतो, "सर, क्वेस्टचे गुण ठरलेले आहेत, मग आज घेतले काय आणि सहा महिन्यांनी घेतले काय? बेरीज तीच." बेरीज तीच, अगदी बरोबर. पण वाचणारे तास वेगळे.

समजा तुम्हाला १३,७५० एक्सपी एकरकमी मिळाले. लेव्हल १ ला मिळाले तर तुम्ही ३० वर जाता. लेव्हल ५० ला मिळाले तर ५१ वर. रक्कम तीच, पण पहिल्या वेळी तिने तुमचे सगळ्यात मंद तास खाल्ले. कांस्याची तलवार, तीनपैकी एक वार लागतो, एका वाराला एक-दोन इजा, असे ते तास. दुसऱ्या वेळी तिने जे तास वाचवले ते रून तलवारीचे होते, तेवढे एक्सपी तुम्ही तसेही पटापट कमावले असते. धंद्यात पहिल्या तीन महिन्यांत मिळालेली पन्नास हजारांची ऑर्डर आणि दहाव्या वर्षी मिळालेली तेवढीच ऑर्डर यांतला फरक ज्याने पहिले तीन महिने काढलेत त्याला विचारा.

मागच्या बॅचमधला एक मुलगा सांगतो. आठ संध्याकाळी तो कोंबड्याच मारत होता. नवव्या दिवशी म्हणाला, "हा गेम बोअर आहे, आपल्यासाठी नाही." मी म्हटलं ठीक आहे, पण मला वेगळी काळजी वाटली. कारण धंद्याबद्दलही तो तेच म्हणत होता. आईच्या हातचा चिवडा शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्यांत भरून तो बाईकवर घरोघरी द्यायचा. एका पुडीमागे पंधरा रुपये सुटायचे आणि एका फेरीला वीस मिनिटं जायची. तासाला पंचेचाळीस रुपये, त्यातून पेट्रोल. दोन महिन्यांत त्याने निष्कर्ष काढला की आईचा चिवडा चालत नाही. घरात आईला तसं सांगूनही झालं होतं. आम्ही त्याच्या वहीत फक्त तास आणि पैसे लिहिले, बाकी काही नाही. मग तो एका होस्टेलच्या कॅन्टीनवाल्याकडे गेला. पुडीमागे आठच रुपये सुटले, पण दोनशे पुड्या एकदम गेल्या. भरणं, पोचवणं धरून चार तास लागले. सोळाशे भागिले चार करा. चिवडा तोच होता.

गेमसुद्धा तो परत खेळायला लागला, ते जाऊ द्या.

डॉरिक ते थर्गो: एका कामातून दुसरं काम

मला स्वतःला या गेममधली सगळ्यात आवडती साखळी सांगतो, कारण यात पैसा, परवानगी आणि कच्चा माल तिन्ही येतात.

स्मिथिंग म्हणजे लोहारकाम. नवख्या माणसाने सरळ मार्गाने करायचं तर तांबं आणि कथील खोदायचं, वितळवून कांस्याचा बार करायचा, त्याला ६.२ एक्सपी. मग बार ठोकून सुरी करायची, त्याला १२.५. म्हणजे एका बारमागे १८.७. या वाटेने १२,७२५ एक्सपी करायचे तर ६८० बार लागतील, आणि एका बारला दोन दगड, म्हणजे १,३६० दगड खोदायचे. खिशात जागा फक्त २८ वस्तूंची. दर २८ दगडांनी बँकेची फेरी मोजा. मी तर आकडा बघूनच दमतो.

आता दुसरी वाट. फॅलाडोर शहराच्या उत्तरेला डॉरिक नावाचा बुटका लोहार राहतो. त्याला ६ चिकणमाती, ४ तांब्याचे दगड आणि २ लोखंडाचे दगड आणून द्या. तो १,३०० मायनिंग एक्सपी आणि १८० नाणी देतो. लोखंड स्वतः खोदायला मायनिंग १५ लागतं, जे तुमच्याकडे नाही. हरकत नाही, दोन दगड विकत घ्या. तो माल तुम्हीच खोदलेला हवा असं डॉरिक कुठेही म्हणत नाही. १,३०० एक्सपी म्हणजे मायनिंग थेट १० वर.

आणि मायनिंग १० हीच 'द नाइट्स स्वोर्ड' या क्वेस्टची अट आहे. फॅलाडोरच्या किल्ल्यात एका सरदाराचा सेवक भेटतो, धन्याची तलवार त्याने हरवलेली असते. तशीच तलवार बनवू शकणारा थर्गो नावाचा बुटका पोर्ट सरीमच्या दक्षिणेला समुद्राकाठी राहतो. त्याला रेडबेरी पाय फार आवडतो, म्हणून आधी पाय न्यायचा. दोन लोखंडी बार लागतात, तेही बाजारात मिळतात. शेवटची वस्तू ब्ल्युराइट नावाचा निळा दगड. तो बर्फाच्या गुहेत स्वतः जाऊन खोदावा लागतो, तिथे लेव्हल १० लागते. गुहेत बर्फाचे योद्धे आणि राक्षस फिरतात. लढू नका, धावत जा, खोदा, धावत या. टिकाव आणि अन्न याशिवाय अंगावर काही मौल्यवान ठेवू नका.

बक्षीस १२,७२५ स्मिथिंग एक्सपी. लेव्हल १ वरून २९. एकही सुरी न ठोकता.

पण थांबा, इथे दुसरी बाजूही बघायला पाहिजे. २९ ला फार मोठं काही उघडत नाही. पोलादाचा बार ३० ला वितळवता येतो, म्हणजे अजून ६३८ एक्सपी कमी. तेवढं हाताने करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. शिवाय स्मिथिंग हे फुकट खेळणाऱ्यासाठी फार नफ्याचं स्किल नाही, बऱ्याचदा तयार मालापेक्षा कच्चा माल महाग पडतो. मग करायचं कशाला? कारण ते इतकं स्वस्तात मिळतंय. पण लेव्हल २९ झाली म्हणून आता लोहाराचाच धंदा करू, असं ठरवू नका. स्वस्तात मशीन मिळालं म्हणून कारखाना टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पहिल्या तीन-चार संध्याकाळी

पहिल्या दिवशी लंब्रिज सोडू नका. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात आचारी उभा आहे, त्याला अंडं, दूध आणि पीठ हवंय. ही 'कुक्स असिस्टंट'. तिकडे शेतकरी फ्रेडला वीस लोकरीचे गुंडे हवेत, ही 'शीप शिअरर'. दोन्ही कामं एकदम घ्या आणि मगच बाहेर पडा. अंडं कोंबड्यांच्या वाड्यात, दूध गायीकडे, मेंढ्या आणि पवनचक्की किल्ल्याच्या उत्तर-पश्चिमेला. एकाच फेरीत सगळं होतं. जो एक काम पूर्ण करून मग दुसरं घेतो तो तीच वाट दोनदा चालतो. मिळतं काय? ३०० कुकिंग एक्सपी, म्हणजे लेव्हल ४, आणि १५० क्राफ्टिंग. चरख्यावर लोकर कातताना आणखी पन्नास होतात. मोठं नाही, पण पायाखालची वाट ओळखीची होते.

मग चर्चजवळची 'द रेस्टलेस घोस्ट'. भूताची कवटी शोधून आणायची, १,१२५ प्रेयर एक्सपी. साधं हाड पुरलं तर साडेचार एक्सपी मिळतात. म्हणजे अडीचशे हाडं पुरण्याचं काम. लढाई टाळता येते, कवटी उचलली की सांगाडा मागे लागतो, सरळ पळा.

'एक्स मार्क्स द स्पॉट' करा, खजिना शोधायचा खेळ आहे. ३०० एक्सपीचा दिवा मिळतो, तो कुठल्याही स्किलला लावता येतो. तो दिवा अशाच ठिकाणी लावा जिथे त्याने दार उघडेल.

'रोमिओ अँड ज्युलिएट' बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण लोक ती सोडून देतात. त्यात एकही एक्सपी नाही, एक नाणं नाही. नुसती निरोपांची धावपळ. पण क्वेस्ट पॉइंट्स मिळतात पाच. नव्या फुकट खात्यावर बाजाराचे निर्बंध असतात. कच्च्या मालातल्या बऱ्याच वस्तू तुम्हाला विकताच येत नाहीत, जोवर १० क्वेस्ट पॉइंट्स, एकूण १०० लेव्हल आणि २० तासांचा खेळ होत नाही. आता मोजा: कुक, शीप, घोस्ट, डॉरिक, एक्स मार्क्स, प्रत्येकी एक. झाले पाच. रोमिओचे पाच. बरोबर दहा. शॉप अ‍ॅक्टचा दाखला काढायला गेलेला दिवस गल्ल्यात एक रुपया टाकत नाही, तसलंच हे. पण अट माहीत नसल्यामुळे कित्येक जण पहिल्याच दिवशी शेकडो गायींची चामडी बँकेत साठवतात आणि मग विकायला जातात. विकण्याचा रस्ता उघडा आहे का हे आधी बघा, मग माल भरा.

पहिलं भांडवल कुठून? बार्बेरियन व्हिलेजजवळ 'स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी' नावाचं भुयार आहे. चार मजले. दाराला हात लावला की ते खात्याच्या सुरक्षेचे प्रश्न विचारतं, पासवर्ड कुणाला सांगाल का वगैरे. पहिल्या मजल्यावर २,०००, दुसऱ्यावर ३,०००, तिसऱ्यावर ५,००० नाणी, चौथ्यावर बूट. दहा हजार नाणी नवख्याला भरपूर होतात. खालच्या मजल्यांवर मार बसतो, म्हणून अन्न घेऊनच उतरा आणि थांबून लढत बसू नका. या दहा हजारातून आधी हत्यार आणि अवजारं. टोपी, केप, रंगीत कपडे नंतर.

एक्सपी हवा की पैसा, हे आधी ठरवा

खाणीत लोक दोन प्रकारे काम करतात. एक जण २८ दगड भरले की बँकेत नेऊन ठेवतो. दुसरा दगड निघाला की तिथेच टाकून देतो आणि पुढचा खोदतो. बघणाऱ्याला दुसरा वेडा वाटतो. पण त्याला लेव्हल हवी आहे, दगड नको. सुरुवातीच्या तांब्याच्या दगडाला भाव किती, आणि बँकेच्या फेरीला वेळ किती? तो हिशोब त्याने केलाय. मायनिंग १५ झालं की लोखंडाला ३५ एक्सपी मिळतात, तांब्याला साडेसतरा. बरोबर दुप्पट. त्या १५ पर्यंत पोचताना दगड सांभाळत बसण्यात अर्थ नाही. मासेमारीत मात्र माझं मत उलटं. बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर २० लेव्हलला ट्राउट आणि ३० ला सामन मिळतात. ते तिथेच शिजवा आणि ठेवा, कारण तेच तुमचं लढाईतलं अन्न. विकत घ्यावं लागणार होतं ते घरात तयार झालं.

आणि खरेदी-विक्री. व्हॅरॉक शहरात ग्रँड एक्स्चेंज आहे, आपलं मार्केट यार्ड समजा. फुकट खेळणाऱ्याला एका वेळी तीनच सौदे लावता येतात. विक्रीवर सध्या २ टक्के कर आहे, तो विकणाऱ्याच्या पैशातून कापला जातो. १०० ला घेऊन १०२ ला विकलंत तर २ कर गेला, हाती शून्य. १०३ ला विकलंत तर एक नाणं सुटलं. नवखी मुलं इथे दिवसभर बसून 'ट्रेडिंग' करतात. दहा हजारांच्या भांडवलावर ते करू नका, त्या तासात एक क्वेस्ट होते.

त्याच चौकात कुणीतरी ओरडत असतो, "पैसे द्या, दुप्पट करून देतो." आधी हजाराचे दोन हजार देतोही. मग तुम्ही पन्नास हजार देता आणि तो गायब. दुसरा म्हणतो, तुमच्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो, द्या इकडे. तिसरा गोड बोलून उत्तरेकडे नेतो. व्हॅरॉकच्या उत्तरेला वाइल्डरनेस आहे, तिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतात. इतर ठिकाणी मेलात तर सगळ्यात महाग तीन वस्तू तुमच्याकडे राहतात आणि बाकीचं सामान कबरीत १५ मिनिटं थांबतं, जाऊन आणता येतं. पहिल्या महिन्यात त्या खंदकाच्या पलीकडे जायचं काहीच कारण नाही.

खऱ्या पैशाचं काय

मेंबरशिप घ्यावी का? याचं उत्तर मी उशिरा देतोय, पण प्रश्न तुम्ही पहिल्याच दिवशी स्वतःला विचारा, कारण क्रम त्यावर बदलतो.

मेंबरांसाठी 'वॉटरफॉल क्वेस्ट' आहे. कुठल्याही स्किलची अट नाही. बक्षीस १३,७५० अटॅक आणि तेवढेच स्ट्रेंग्थ. दोन्ही लेव्हल १ वरून ३०. मेंबर व्हायचं पक्कं असेल तर गायींवर स्ट्रेंग्थ वाढवण्यात आठवडा घालवू नका, हीच आधी करा. वाटेत एका थडग्यात हत्यार आणि चिलखत नेता येत नाही, दोर आणि ठरावीक रून्स लागतात, गाइड उघडी ठेवूनच करा. तिथून येऊन 'विच्स हाउस' केलीत तर ६,३२५ हिटपॉइंट्स एक्सपी, म्हणजे जीव १० वरून थेट २४.

पण मेंबरशिपचा बाँड घेतला की १४ दिवसांचं घड्याळ सुरू होतं, तुम्ही खेळा किंवा झोपा. बाँड खऱ्या पैशाने मिळतो, किंवा बाजारात गेमच्या नाण्यांनी, जी नवख्याच्या आवाक्यात नसतात. ज्याला रोज रात्री जेमतेम तासभर मिळतो त्याला ते १४ दिवस १४ तासांचे पडतात. माझं मत असं: फुकटातल्या क्वेस्ट संपवा, दहा पॉइंट्स आणि मिथ्रिल सिमिटारपर्यंत या, आणि मग एखादा मोकळा आठवडा समोर दिसला तरच घ्या. सणासुदीच्या सीझनमध्ये दुकानात उभं राहायचं असेल तर त्या पंधरवड्यात अजिबात नको. आणि गल्ल्यातून नको, स्वतःच्या खर्चाच्या पैशातून.

वेबसाइटवरून कुणा तिऱ्हाइताकडून गेमची नाणी किंवा तयार खातं विकत घ्यायचं नाही. ते नियमाविरुद्ध आहे, खातं कायमचं बंद होऊ शकतं, आणि कार्डाची माहिती कुणाकडे गेली ते कळतही नाही.

काही जण विचारतात, मोबाईलवर चालतो तर काउंटरवर बसल्या बसल्या खेळलं तर? विलोची झाडं आहेत लेव्हल ३० नंतर, एकदा कुऱ्हाड लावली की बराच वेळ बघावं लागत नाही, ते करता येईल असं त्यांना वाटतं. माझ्या दुकानात काउंटरवर फोन फक्त पेमेंटसाठी. गिऱ्हाईक आत येऊन दोन सेकंद तुमच्या डोक्याकडे बघतं आणि परत जातं, त्याचे एक्सपी कुठेच दिसत नाहीत.

तर आज रात्री सुरू करणार असाल तर नाव निवडा, ट्युटोरियल आयलंड पूर्ण करा, आणि लंब्रिजच्या किल्ल्यात शिरलात की डावी-उजवीकडे न बघता आधी स्वयंपाकघर गाठा. रिकामं भांडं तिथेच आहे, बादली तळघरात. जिथे अडाल ते लिहून ठेवा, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच प्रश्न घेऊ.